घरात कुणी हसलं तर

सांगली
शुक्रवार, १३ एप्रिल १९४५

लीले,

खुशाली मागाहून विचारते, आधी बातमी ऐक. आमच्या घरी रेडिओ आला! मिरजेचे एक साहेब बदलून गेले, त्यांचा ह्यांनी घेतला. हळदीचे भाव लवकर कळतील असं सासूबाईंना सांगून आणला खरा, पण पहिल्याच दिवशी पेठ राहिली बाजूला आणि सगळं घर त्या पेटीपुढं मांडी घालून बसलं.

बटण पिळलं की लगेच बोलत नाही हं. आतले काचेचे दिवे तापावे लागतात. मग समोर एक हिरवा डोळा उघडतो, थोडी खरखर होते आणि एकदम माणूस बोलायला लागतो, आपल्या माजघरात! गच्चीवर तांब्याची तार बांधलीय, तिच्यातून तो आवाज खाली येतो म्हणे. मी गच्चीवर जाऊन तारेला कान लावून आले. काही ऐकू आलं नाही. हे पोट धरून हसले.

दर गुरुवारी दिवेलागणीला मुंबईहून मराठीत एक कार्यक्रम असतो, ‘आठवड्याचं जग’. आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळं तो लागतो तेव्हा घरातल्या बायका अगदी मोकळ्या. आधी आठवड्याच्या बातम्या, नुसत्या वाचत नाहीत, उकलून सांगतात. मग कुठलं गाणं, कुठला विणकर, कुठली मूर्ती. आणि शेवटी एखादा विचार, तो ऐकला की रात्री झोप लागत नाही. बोलणारे गृहस्थ ‘नमस्कार’ म्हणाले की आमच्या आक्का, म्हणजे सासूबाई, डोक्यावरचा पदर पुढं ओढून ‘जय जिनेंद्र’ म्हणतात. मागच्या गुरुवारी ते मध्येच खोकले, तर आक्का म्हणाल्या, “आल्याचा रस घे म्हणावं त्यांना.”

काल काय सांगितलं ठाऊक आहे? आपण तारा बघतो तो उजेड आत्ताचा नसतो म्हणे. तो कधीचाच तिथून निघालेला, वाटेत असतो, आणि आपल्या पणजोबांच्या आधी निघालेला आज आपल्या डोळ्यात येतो. लीले, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कवठे महांकाळच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेव्हा मास्तर म्हणायचे, जग फार मोठं आहे मुलींनो. मला ते तेव्हा खोटं वाटायचं. काल गच्चीवर उभी राहिले आणि वर बघून हातच जोडले मी.

तुझ्या घरधन्यांचं काय? पलटणीतून पत्रं येतात ना? तुझ्या लग्नाला मी बाळंतिणीच्या खाटेवर होते, त्यामुळं तुझा उखाणा काही ऐकला नाही. त्यांचं नाव अजून मला ठाऊक नाही! दर पत्रात ‘आमचे हे’. अगं, मी तर सरळ लिहिते: धनपाल, धनपाल, धनपाल. बघ, झालं का काही? आता तू लिही.

तुझी
गुणमाला


मु. वाघजाईवाडी, ता. पाटण
२७ एप्रिल १९४५

गुणे,

तुझं पत्र आलं आणि वाडीत सण झाला. खोटं नाही सांगत. दुपारी कामं आवरली की चार बायका आमच्या ओट्यावर येतात, हरणाबाई तर हातातलं सूप घेऊनच येते, आणि मी तुझं पत्र मोठ्यानं वाचते. ताऱ्याचं तर दोनदा वाचायला लावलं. मग हरणाबाई म्हणाली, “मंजी आपन बगतोय तो तारा आता असंल का न्हाई, त्ये बी ठावं न्हाई?” तूच विचार त्यांना.

आमच्या बायकांनी त्या पेटीला लय प्रश्न धाडलेत. एक, मुंबईला पाऊस आधी येतो तर पेटीतनं तिथल्या पावसाचा आवाज येतो का? दोन, बोलणारा माणूस जेवून बोलतो का उपाशी? मी म्हटलं, अगं पेटीला ऐकू जात नाही, ती नुसती बोलते. तर हरणाबाई म्हणते, “मंग आमच्या दाल्ल्यावानीच की.”

नाव मात्र मी लिहायची नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, बायकोच्या तोंडून नाव निघालं की धन्याच्या आयुष्यातला एक दिवस जातो. बोलायचं नाही तर लिहायचं तरी कशाला? तुमचं शहराचं वेगळं. आणि ज्याचा माणूस रोज संध्याकाळी घरी येतो, तिनं खुशाल तीनदा लिहावं.

आमचे हे खुशाल आहेत. लांबचा मुलूख, पत्राला वेळ लागायचाच. त्या रेडिओत वाळवंटातल्या लढाईचं, तिथनं पकडून नेलेल्या लोकांचं काही सांगतात का गं? सहज विचारते. इकडं भातासाठी रानं भाजायची गडबड चाललीय, म्हणून पत्र आवरतं घेते. पुढच्या गुरुवारचं सगळं लिही. बारीकसारीक गाळू नको.

तुझी
लीला


सांगली
शुक्रवार, ८ जून १९४५

लीले,

वाळवंटाचं विचारलं होतंस ना? तेव्हापासून कान लावून होते. आणि कालचा गुरुवार! अगं, काल आमच्या घरात बारा माणसं होती आणि कुणी पापणी हलवली नाही.

युरोपातली लढाई संपली हे तुला कळलंच असेल. तर इटली म्हणून जो देश आहे, तिथं आपले शिपाई सापडताहेत. वाळवंटात पकडून तिथं नेलेले, मग कैदेतून निसटलेले, डोंगरात लपून राहिलेले. मुंबईच्या लोकांनी काय केलं, त्यांचे आवाज तबकड्यांवर उतरवून विमानानं आणवले. माणूस अजून समुद्रापलीकडं आणि आवाज आमच्या माजघरात! तुला ताऱ्याचं लिहिलं होतं बघ, तसंच. तिथून कधीच निघालेलं आज आपल्यापाशी येतं.

तिघं बोलले. एक रत्नागिरीचा, एक नगरकडचा, आणि तिसरा चक्क तुमच्या पाटणचा. अगदी तुमच्याकडचं बोलणं, आवाज मात्र घोगरा, बहुतेक आजारी असावा. जसं आठवतं तसं लिहिते:

“म्या सयाजी कदम, तालुका पाटन. आये, दंडवत. दादा, रामराम. म्या जित्ता हाय. डोंगरात एका म्हातारीनं मला गोठ्यात लपवलं. ती मक्याचं पीठ घाटून घालायची. तिची बोली मला येत न्हवती, माजी तिला न्हाई, पर ‘खा’ म्हनल्यालं कळायचं. पत्र टाकलंया, पर त्याच्या आदी ह्येच पोचंल म्हंत्यात.”

मग त्या गृहस्थांनी विचारलं, घरी आणखी कुणाला काही सांगायचंय का? तर हा गप्प. नुसती तबकडी फिरल्याचा आवाज. आम्हाला वाटलं, बिघडली पेटी. आणि मग तो म्हणाला,

“आये, घरात कुनी मोठ्यांदा हासलं, तर रागवू नगंस. हासू दे.”

बस्स, एवढंच. आक्कांनी डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, ही बायकोसाठी चिठ्ठी आहे बरं का. आईच्या नावानं टाकली, पण पत्ता बायकोचा! सगळ्या इलाख्यासमोर तिचं नाव घ्यायची छाती झाली नाही बिचाऱ्याची. आणि खरं सांगू, मला तू आठवलीस. तुझ्या हसण्यावरून मास्तरांनी तुला बाकावर उभी केली होती, आणि तू बाकावर उभी राहून आणखीच हसत होतीस. कुठल्या घरी कोण अशी हसरी असेल देव जाणे. तिला हे कळलं असेल का गं? तुमच्या बाजूला कुणाचा असा मुलगा असेल तर जरूर कळव. पुण्य लागेल.

तुझी
गुणमाला


वाघजाईवाडी
११ जून १९४५

गुणे,

अक्षर सांभाळून घे.

तुझं पत्र आज दुपारी ओट्यावर वाचत होते. ‘तिसरा चक्क तुमच्या पाटणचा’ इथपर्यंत आले. बायका पुढं सरकल्या. ‘म्या’ म्हटलं आणि पुढचं नाव दिसलं, तशी माझी वाचाच बसली. हरणाबाई म्हणाली, “वाच की गं, नाव काय म्हनला?” मी गप्प. “आगं, वाच की!” मी गप्पच. आणि मग हरणाबाई माझ्या तोंडाकडं बघत बघत उठली. वाडीत अशी किती नावं असतील जी सगळ्यांना घेता येतात आणि मलाच घेता येत नाहीत? एकच. तिनं सूप टाकलं आणि आत ओरडत गेली, “बनुआत्ती, सयाजी! आवं, सयाजी बोलला!”

तुला कसं कळावं? आम्ही कदम, पण पाटीलकी घरात, म्हणून पत्ताही पाटील आणि हाकही पाटील. आणि नाव मी कधी कळवलंच नाही.

आता सगळं सांगते. पत्रं येतात असं मी लिहीत होते, ते खोटं होतं. तीन वर्षं झाली, एक ओळ नाही. वाळवंटात बेपत्ता एवढंच कळलं होतं. तुझ्यापाशी बेपत्ता लिहिलं असतं, तर तू रडवी पत्रं धाडली असतीस. मला तुझी हसरी पत्रं पाहिजे होती गं. मग ह्या चैत्रात फौजेचा कागद आला, की इतके दिवस तपास नाही, सबब मेला असं धरलंय. शिक्का आहे त्यावर. थोरले भाऊजी, हंबीरराव, कागद घेऊन आत आले आणि उंबऱ्यावरच बसले. घरात ठरलंय की येत्या अमावास्येला ह्यांचे दिवस घालायचे आणि माझं कुंकू पुसायचं. वटपौर्णिमा त्याच्या आधी येते. मला सांगितलंय, यंदा वडाला जाऊ नको.

भाऊजी वाईट नाहीत. ते म्हणतात, “कदम गावोगाव हायती, सयाजी बी हायती. एकीकडं सरकारचा शिक्का, एकीकडं पेटीतला वारा. आईला पुन्यांदा आशेला लावू आनि मंग तिचं काय करू?” त्यांचं तरी काय चुकलं? आत्याबाई जात्यापाशी बसून राहिल्यात.

मला ठाऊक आहे तेच आहेत. ते शेवटचं हसण्याचं. नवी नवरी होते तेव्हा मी चुलीपाशी खळखळून हसायची आणि आत्याबाई ओरडायच्या, “पल्याडच्या वाडीला ऐकू जातंय, जरा लाज धर!” हे तेव्हा बाहेर बैलांना वैरण टाकत असायचे. पण हे मी भाऊजींसमोर कुठल्या तोंडानं सांगू? ते वाक्य मी घरात कुणालाच वाचून दाखवलं नाही. पत्राचं ते पान चोळीत ठेवलंय.

गुणे, तो आवाज परत ऐकू येईल का? एकदा हवेत गेलेला परत येतो का गं?

तुझी
लीला


सांगली
रविवार, १७ जून १९४५

लीले,

तुझं पत्र वाचून मी देव्हाऱ्यापुढं जाऊन बसले ते आक्का बोलवायला आल्या तेव्हाच उठले. तुझ्यावर रागवायचंय, पण ते पुढं कधीतरी. एवढं सगळं पोटात ठेवून तू मला पेटीचे प्रश्न विचारत होतीस!

आवाज परत येतो. तबकडी असते ना, ती त्यांनी जपून ठेवलीय. ह्यांनी मुंबईला तार केली: पाटणच्या कदमांची आई जिवंत आहे, तिनं ऐकलेलं नाही, पुन्हा लावा. काल उत्तर आलं. गुरुवारी, २१ तारखेला, तीच तबकडी पुन्हा लावणार. एका म्हातारीसाठी, लीले! माझा अजून विश्वास बसत नाही.

कराडला गाडी धरा. ह्यांचा माणूस सांगलीच्या स्टेशनवर उभा राहील. सासूबाईंना आण, भाऊजींना आण, आणि तू तर येच. दिवस मावळायच्या आत पोचा म्हणजे गरम भाकरी पोटात जाईल. मग सगळे मिळून ऐकू.

तुझी
गुणमाला


वाघजाईवाडी
१९ जून १९४५

गुणे,

हे पत्र भाऊजींच्या हाती देते. त्यांना वाटतंय की आत फक्त खुशाली आहे.

मी येत नाही. भाऊजी चल म्हणत होते, भाताच्या रोपांचा तरवा हरणाबाई बघेल म्हणत होते. पण मी नको म्हटलं. ऐक का ते. मला ह्यांचा आवाज ठाऊकच नाही गं. लग्नानंतर चारचौघांत ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, मी त्यांच्याशी नाही. आमचं बोलणं सगळं कुजबुजीतलं. कुजबुज सगळ्यांची सारखीच की. मी पेटीपुढं बसेन आणि मला तेच वाटतील, कुणीही बोललं तरी तेच वाटतील. माझ्या शब्दाला वजन काय राहील? आत्याबाईंनी त्यांना रानातनं हाका मारताना ऐकलंय, रडताना, भांडताना ऐकलंय. आई ‘हाच’ म्हणाली की वाडी मानेल.

आणि दुसरं. ते नसले, तर मला इथंच असलेलं बरं. कुंकू लावून ह्या दोन संध्याकाळी मला माझ्या घरात काढायच्यात.

एक कर. ते नसले तर काही लिहू नको. आत्याबाईंना तशाच धाड, मी समजेन. असले, तर आत्याबाईंच्या हाती पत्र दे. वाडीच्या तोंडाला मी उभी असेन.

तुझी
लीला


सांगली
शुक्रवार, २२ जून १९४५

लीले,

हे बघ पत्र. हे बघ, हे बघ, हे बघ!

आता रडून झालं असेल तर पुढं वाच. नीट सांगते, कारण तू इथं नव्हतीस आणि तुझ्या वाटचंही मीच ऐकलं.

काल दुपारपासून आभाळ भरलेलं, वीज चमकत होती. वीज असली की पेटी खरखरते. हे पंचा डोक्याला गुंडाळून गच्चीवर जाऊन तार घट्ट करून आले. तुझ्या सासूबाई आल्या. आक्कांनी त्यांना आपल्या शेजारी पाटावर बसवलं. जेवल्या नाहीत, नुसती भाकरी मोडून हातात धरून बसल्या. भाऊजी दाराशी उभे. बस म्हटलं तरी बसेनात, सारखी कपाळाची शीर चोळत होते.

हिरवा डोळा उघडला. ते गृहस्थ म्हणाले, सांगलीहून एक निरोप आला आहे, म्हणून आज एक आवाज पुन्हा ऐकवतो. पाटण तालुक्यातल्या एका आईसाठी. आणि तो आवाज आला: म्या सयाजी कदम.

तुझ्या सासूबाई हलल्या नाहीत. भाऊजी त्यांच्याकडं बघतायत, मी बघतेय, आक्का बघतायत. म्हातारीचं मक्याचं पीठ झालं, पत्राचं झालं. आणि लीले, त्यांनी मान हलवली. नाही म्हणून! हळूच म्हणाल्या, “माजा सयाजी आसा घोगरा न्हवता. त्येचा आवाज लय गोड व्हता.” भाऊजींनी डोळे मिटून घेतले. मला एवढंच दिसत होतं की उद्या गाडी कराडला जाणार आणि माझ्याकडं द्यायला काही नसणार.

तेवढ्यात ती गप्प जागा आली, नुसत्या तबकडीच्या आवाजाची. आणि मग ते: “आये, घरात कुनी मोठ्यांदा हासलं, तर रागवू नगंस. हासू दे.”

तुझ्या सासूबाई उठल्या. पाट बाजूला सरला, हातातली भाकरी तशीच. त्या थेट पेटीपाशी गेल्या आणि त्या कापडाच्या जाळीवर तळहात ठेवून म्हणाल्या, “ह्ये तुला ऐकू जात व्हतं व्हय रं? वैरनीपाशी उभा ऱ्हाऊन ऐकत व्हतास व्हय?” पेटीत तेव्हा दुसरा कुणी बोलायला लागला होता. त्यांना त्याचं काही नाही. “न्हाई रागवत, बाळा. आता कशाला रागवू? तू ये, मंग बग घरात कशी हासत्यात ती.” आणि तो भाकरीचा तुकडा त्यांनी पेटीवरून तीनदा ओवाळला, दोन्ही हात पेटीच्या कडांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडकड वाजली. माझ्या सासूबाई, ज्या दृष्टबिष्ट काही मानत नाहीत, त्यांनी तो तुकडा घेतला आणि स्वतः अंगणात टाकून आल्या.

भाऊजी दारातच खाली बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि पोरासारखे रडले. हे त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. माणसाचा आवाज समुद्रावरून, डोंगरावरून, पावसातून येतो, आणि कुठं? तर आईनं रागावलेलं एक वाक्य परत करायला! मी देवळात इतकी वर्षं जाते, पण कालच्याइतकी माझी मान कधी खाली झुकली नव्हती.

तू म्हणालीस, आई आवाज ओळखेल. तिनं नाही गं ओळखला. तिनं तुझं हसणं ओळखलं. चोळीत लपवलेलं ते पान आता बाहेर काढ.

सोमवारी वटपौर्णिमा आहे. मी अर्थात कधी केलेली नाही, आमच्यात नसते. पण दिवसभर तुझी आठवण काढीन.

तुझी
गुणमाला


वाघजाईवाडी
२६ जून १९४५

गुणे,

शनिवारी दिवस कलल्यावर मी वाडीच्या तोंडाला उभी होते. लांबून दोघं दिसली. भाऊजींच्या हातात पिशवी, आत्याबाईंचे हात रिकामे. मी मागं फिरणार, तोवर आत्याबाईंनी पदराची गाठ सोडली आणि त्यातनं तुझं पत्र काढून वर धरलं. सगळ्या वाटेत ते पिशवीत ठेवायला दिलं नाही म्हणे, ओलं होईल म्हणून.

जवळ आल्या, माझी हनुवटी धरली आणि म्हणाल्या, “हास.” मी रडायला लागले. “आगं हास म्हनते न्हवं का! त्यो सांगून ऱ्हायलाय तितनं!” आणि त्या स्वतःच रडायला लागल्या. भाऊजी आमच्याकडं न बघता पुढं निघून गेले. घरी गेल्यावर त्यांनी तो शिक्क्याचा कागद आढ्यातनं काढला आणि बराच वेळ नुसता बघत बसले.

काल वडाला गेले. सूत आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं दिलं. सगळ्या बायका आधीच पोचलेल्या, पण कुणी फेरे घातले नव्हते, माझ्यासाठी थांबल्या होत्या. फेरे झाल्यावर हरणाबाई म्हणाली, नाव घे. मी उखाणा जुळवायला गेले तर एक ओळ आठवेना. मग मी सरळच म्हटलं. वर काही नाही, खाली काही नाही, नुसतं नाव. पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं. माझाच आवाज मला ओळखू येईना. आत्याबाई तिथंच होत्या. मी वाटेत घाबरत विचारलं, “आत्याबाई, दिवस गेला का त्यांच्या आयुष्यातला?” तर म्हणाल्या, “मुंबैच्या मानसानं अख्ख्या मुलखात त्येचं नाव घेतलं, तवा तर त्यो गावला. तू घे खुशाल.”

आणि आज तार आली! फौजेची, शिक्क्यासकट: सयाजी कदम हयात, इस्पितळात, बरे होताहेत, पुढच्या जहाजानं येणार. पाटणहून तारवाला धापा टाकत ओढा ओलांडून आला, चिखलानं माखलेला. त्याला वाटलं आता घर दणाणणार. आत्याबाई घरापुढच्या तरव्यातनं हात न काढता म्हणाल्या, “ठेव तितं वट्यावर. आमाला ठावं हाय. तू च्या पिऊन जा.”

गुणे, त्या तारवाल्याचं तोंड बघायला पाहिजे होतंस! मला जे हसू फुटलं ते आवरेना. चिखलात उभी राहून हसत होते, पोटात कळा येईपर्यंत. आत्याबाईंनी सवयीनं तोंड उघडलं, बोट वर केलं. मग बोट खाली घेतलं, पदर तोंडाला लावला आणि पुन्हा तरवा उपटायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

थोड्या वेळानं ओढ्याच्या पल्याडच्या वाडीतनं कुणीतरी हाक मारून विचारलं, “काय झालं गं पाटलाच्यात?”

हे पत्र आक्कांना मोठ्यानं वाचून दाखव. आणि पत्राखाली काय लिहिलंय तेही वाच, गाळू नको.

तुझी,
सौ. लीला सयाजी कदम